धार धरून ब्लू माउंटन्स पार: सिडनी ते बाथर्स्ट

सह्याद्रीत भटकणाऱ्याची सवय ठरलेली असते. समोर कडा आला की ओढ्याच्या अंगाने वर सरकायचं आणि नाळ, म्हणजे कड्यातून वर जाणारी घळ, शोधायची. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला असलेल्या ब्लू माउंटन्समध्ये हीच सवय माणसाला अडकवते. कटुंबा या तिथल्या डोंगरगावातल्या एको पॉइंटवर तासभर धुकं हटायची वाट पाहिली, मग जेमिसन दरी उघडली आणि ते डोळ्यांनी दिसलं. खाली दाट जंगल आणि त्याभोवती वालुकाश्माचे सरळसोट कडे. नदीकाठाने आत शिरलेला माणूस या भिंतींपाशीच येऊन थांबणार.

सिडनीची वसाहत १७८८ची, पण पुढची २५ वर्षं ती समुद्र आणि या डोंगरांमधल्या पट्टीतच अडकून राहिली. मे १८१३मध्ये ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ या तीन वसाहतवाल्यांनी दऱ्यांचा नाद सोडून धार, म्हणजे डोंगराचा माथा, धरली. तीन आठवड्यांत त्यांना पलीकडची कुरणं दिसली. धारुग आणि गुंदुंगरा या इथल्या मूळ लोकांच्या वाटा इथे फार आधीपासून होत्या, म्हणून 'शोध' हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. आजचा महामार्ग आणि रेल्वे साधारण त्याच धारेवरून जातात.

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून कटुंब्याला रेल्वेने दोन तास लागतात आणि बँकेचं कार्ड टॅप केलं की काम होतं. डोंगरांच्या पश्चिम टोकाच्या माउंट यॉर्कला मात्र गाडी हवीच. पॅरामॅट्याचा मामेभाऊ सोबत होता, म्हणून माझं जमलं. या सहलीतलं एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी हेच निवडेन. विल्यम कॉक्सने ३० कैदी मजुरांच्या हातून १८१४-१५मध्ये सहा महिन्यांत डोंगरापलीकडच्या बाथर्स्टपर्यंत सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता काढला, त्याचा उतार इथेच आहे. खडकात कुदळीचे तिरके घाव अजून दिसतात. मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. उतार इतका उभा की बैलगाड्यांना मागे ओंडके बांधून खाली सोडत. चांगल्या पकडीचे बूट घाला, ओल्या दगडावरून पाय सटकतो.

बाथर्स्टला मुक्काम करा, एका दिवसात उरकू नका. तिथली मॅक्वॉरी नदी आपल्या कृष्णेसारखी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून वाहते. म्हणून आत कुठेतरी मोठा समुद्र असावा, असं लोकांना वाटे. १८१८मध्ये वसाहतीचा सर्वेक्षक ऑक्सली तिच्यामागे गेला आणि दलदलीत अडकला. मॅक्वॉरीचं पाणी पुढे ज्या मरे नदीत जातं, तिच्या मुखापर्यंत १८३०मध्ये स्टर्ट हा प्रवासी होडीने पोचला, तेव्हा हे पाणी शेवटी कुठे जातं ते वसाहतीला समजलं. याच रस्त्याने मेंढ्या आणि वसाहतवाले आले, इथल्या मूळच्या विराजुरी लोकांच्या जमिनी गेल्या आणि १८२४मध्ये इथे लष्करी कायदा लागू झाला. त्यांचा लढवय्या विंड्रडाइन याचं नाव गावात विचारा.

जून ते ऑगस्ट वर कडाक्याची थंडी असते, स्वेटरवर वाऱ्याचं जाकीट हवं. उन्हाळ्यात वणव्याच्या इशाऱ्याने पायवाटा बंद होतात, त्यामुळे निघायच्या सकाळी राष्ट्रीय उद्यानाची सूचना बघा. दरीत फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या.