दारातला माणूस आणि त्याचे दोन शर्ट

२२ नोव्हेंबर १९६३, दुपारचे साडेबारा, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येची वेळ. डॅलसच्या एल्म स्ट्रीटवर असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार जेम्स आल्टजेन्स निक्कोरेक्स कॅमेरा घेऊन उभे होते. १०५ मिमीची लेन्स, आत कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म. त्यांच्या त्या दिवसाच्या मालिकेतला सहावा फोटो अब्राहम झाप्रुडर या प्रेक्षकाने टिपलेल्या हत्येच्या चित्रफितीतल्या २५५व्या फ्रेमशी जुळतो. प्राणघातक गोळीची फ्रेम ३१३वी. चित्रफितीचा वेग सेकंदाला १८.३ फ्रेम, म्हणजे दोन्हींत तीन सेकंदांहून थोडेच जास्त अंतर. गाडीच्या पुढच्या काचेतून केनेडींचा गळ्याशी गेलेला हात दिसतो, मागच्या गाडीवरचे रक्षक वळून पाहताहेत.

आणि वर डावीकडे टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरी या पुस्तकांच्या गोदामाचं दार दिसतं. त्या दारात, आपल्या डाव्या हाताला, अंग थोडं पुढे काढून एक माणूस रस्त्याकडे बघतोय. अंगात गडद शर्ट, पुढून उघडा, आत पांढरा टी-शर्ट. केस कपाळावरून मागे सरकलेले. हत्येचा आरोप ज्याच्यावर आला त्या ली हार्वे ऑस्वाल्डला ओळखणाऱ्या कुणालाही पहिल्या नजरेत तोच वाटेल असा. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या, वॉरन आयोगाच्या, अहवालानुसार ऑस्वाल्डने याच इमारतीच्या सहाव्या मजल्यावरून गोळ्या झाडल्या. दारातला माणूस ऑस्वाल्ड असेल तर गोळ्या सुटत असताना तो तिथे नव्हता आणि त्या अहवालाचा पायाच निखळतो. म्हणून साठ वर्षांनंतरही या माणसावरून भांडण चालू आहे.

माझं मत आधीच सांगतो: तो बिली लव्हलेडी आहे, त्याच इमारतीत काम करणारा २६ वर्षांचा तरुण. पण हे उत्तर चेहऱ्यातून मिळत नाही. चेहऱ्यावर चेहरा ठेवून केलेले तुलनातक्ते, दोन्ही बाजूंचे, मला पटत नाहीत. त्याचं कारण साध्या गणितात आहे.

फिल्मवरची प्रतिमा किती मोठी? वस्तूची उंची गुणिले लेन्सची फोकल लांबी, भागिले अंतर. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं २३ सेंमी धरा आणि कॅमेऱ्यापासून दारापर्यंतचं अंतर ७० मीटर. उत्तर येतं ०.३५ मिमी. मूळ निगेटिव्हवर त्या माणसाचं अख्खं डोकं एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. हातात धरलेला कॅमेरा, लेन्स आणि फिल्मचे दाणे मिळून मिलिमीटरला ४० रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) पकडल्या असं उदारपणे मानलं, तर डोक्याच्या उंचीत बसतात सुमारे २८ ठिपके. डोळ्याच्या वाट्याला उंचीत एखादाच. भुवईचा उतार, नाकपुडीचा आकार, कानाची पाळी यांवर जे वाद होतात, ते त्या एखाद्या ठिपक्यावर होतात. शंभर पट मोठं केलं की चेहरा साडेतीन सेंमीचा होतो खरा, पण त्यात नवीन काही येत नाही, दाणे तेवढे मोठे होतात.

त्या दिवशी लोकांनी पाहिलं ते तर याहूनही कच्चं. फोटो तारेने वर्तमानपत्रांकडे गेला. ते यंत्र इंचाला शंभरच्या आसपास रेषांनी चित्र वाचायचं. पूर्ण फ्रेमची आठ इंच उंचीची प्रत धरली तर डोक्याच्या वाट्याला अकरा-बारा रेषा येतात. त्यावर छपाईची जाळी. अशा कात्रणावरून स्कॅन करून ‘पुरावा’ म्हणून फिरवलेल्या प्रती आजही सर्वात जास्त दिसतात.

आता तेच गणित शर्टाला लावा. पाच सेंमीची चौकट असेल तर तिच्या वाट्याला सहा ठिपके येतात. म्हणजे निगेटिव्ह चेहऱ्याबद्दल मुकं असलं तरी मोठ्या चौकड्यांच्या कापडाबद्दल काहीतरी बोलू शकतं. इथे शर्ट हाच साक्षीदार, आणि नेमकी त्याचीच नोंद बिघडली.

२५ नोव्हेंबरला एफबीआयने मोठी केलेली प्रत लव्हलेडीला दाखवली आणि त्याने स्वतःला ओळखलं. तिथे ठीक होतं. मग २९ फेब्रुवारी १९६४ला एफबीआयने त्याचे फोटो काढले. त्या फोटोंत त्याच्या अंगात लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आहे. मार्चमध्ये आयोगाला गेलेल्या पत्रात २२ नोव्हेंबरला त्याने हाच शर्ट घातला होता असं नोंदलं गेलं. दारातल्या माणसाच्या बाह्या तर लांब आहेत आणि पट्ट्यांचा मागमूस नाही. झालं, ‘हा लव्हलेडी नव्हेच’ म्हणायला सरकारी कागदच मिळाला. लव्हलेडीने नंतर सांगितलं की फोटोसाठी त्या दिवशीचाच शर्ट घालून ये असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्या दुपारी अंगात चौकड्यांचा शर्ट होता. तपासात कपडा हा पुरावा असेल तर तो मागून घ्यायचा, त्यावर चिठ्ठी लावायची आणि तोच अंगात घालून फोटो काढायचा. ही पहिली पायरी चुकली आणि तिची किंमत पुढे वर्षानुवर्षं मोजावी लागली.

दुसरी गफलत एका बाणाची. ७ एप्रिल १९६४ला लव्हलेडीची साक्ष झाली. आयोगाचे वकील जोसेफ बॉल यांनी त्याला क्रमांक ३६९चा मोठा केलेला फोटो दिला आणि स्वतःकडे बाण काढायला सांगितलं. त्याच फोटोवर सहकारी ब्युएल वेस्ली फ्रेझियरने मार्चमध्येच एक बाण काढला होता, उजळ भागात. म्हणून लव्हलेडीला सांगण्यात आलं की तुझा बाण काळ्या भागात काढ. काळ्यावर पेनाने काढलेला बाण! छापील खंडांत तो जवळजवळ दिसतच नाही. मग कोणता बाण कुणाचा यावर वेगळा वाद. पांढऱ्या शाईचा एक पेन, किंवा पारदर्शक कागद वर ठेवून काढलेली खूण, एवढ्याने तो मिटला असता.

टी-शर्टच्या गळ्याचा मुद्दाही असाच. दारातल्या माणसाचा गळा व्हीच्या आकाराचा दिसतो, ऑस्वाल्डचा टी-शर्ट ताणला जाऊन तसाच दिसत होता, म्हणून हा तोच, असं म्हणतात. सूर्य कुठे होता ते बघा. डॅलसचं अक्षांश जवळपास ३३ अंश, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा तोंडावर, म्हणजे साडेबाराला सूर्य जवळपास दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे ३७ अंश वर. दार साधारण दक्षिणाभिमुख. अशा उन्हात हनुवटीची सावली गळ्यावर पडते आणि गोल गळा खाली टोकदार दिसतो. दुपारच्या उन्हात गोल गळ्याच्या बनियनवर कुणाचाही फोटो काढून पाहा. खांद्याशी दुसऱ्याचा हात चिकटल्यासारखा दिसतो त्यालाही ‘फोटोत फेरफार’ म्हणतात. १०५ मिमीची लेन्स इतक्या लांबून पुढची-मागची माणसं एकाच पातळीवर आणून चिकटवते, दारातल्या गडद सावलीत कडा हरवतात, एवढंच ते आहे.

मग निकाल कशाने लागतो? एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तीन गोष्टींनी. पहिली, पायऱ्यांवरची माणसं. फ्रेझियर आणि विल्यम शेली हे लव्हलेडीचे सहकारी होते. दोघांनीही त्याला तिथे पाहिल्याचं सांगितलं, आणि ऑस्वाल्डला तिथे पाहिल्याचं दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. दुसरी, त्याच क्षणाची वेगळी फिल्म. एनबीसीचे डेव्ह वीगमन ताफ्यातल्या गाडीतून चित्रण करत होते, त्यांच्या चित्रफितीत तोच माणूस त्याच जागी आहे. तिसरी मला सर्वात भक्कम वाटते. त्या दुपारी ऑस्वाल्डला पोलीस मुख्यालयात आणलं त्याच्या चित्रफितीत लव्हलेडी तिथेच बसलेला आहे, चौकड्यांच्या शर्टात, आणि समोरून ऑस्वाल्डला नेलं जातंय. शर्टाबद्दलचा सगळा घोळ घटनेच्या दिवशीच्याच फिल्मने सुटतो. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीनेही तज्ज्ञांकडून तपासून लव्हलेडीचंच नाव घेतलं.

ऑस्वाल्डने चौकशीत आपण घरी जाऊन शर्ट बदलला असं सांगितलं होतं. अटकेच्या वेळचा तपकिरी शर्ट दारातल्या शर्टाशी जुळवून ‘तोच ऑस्वाल्ड’ म्हणणारे त्याचाच शब्द खोटा ठरवतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्याच वेळी एक गोष्ट दुसऱ्या बाजूलाही ठासून सांगायला हवी: दारात लव्हलेडी होता एवढ्यावरून ऑस्वाल्ड सहाव्या मजल्यावर होता हे सिद्ध होत नाही. तो प्रश्न वेगळा, त्याचे पुरावे वेगळे.

स्वतः पडताळायचं असेल तर सुरुवात प्रतीच्या वंशावळीपासून करा. निगेटिव्हवरून थेट केलेला स्कॅन हवा, छापलेल्या पानावरून केलेला नको. कॉन्ट्रास्ट वाढवू नका, राखाडी छटा गेल्या की चौकडी जाते. तुलनेचा दुसरा फोटोही त्याच कोनातला आणि त्याच उजेडातला घ्या, आणि नाव ठरवण्याआधी शर्टावर काय दिसतं ते लिहून ठेवा. आणि एआयने ‘स्पष्ट’ केलेली रंगीत प्रत अजिबात वापरू नका. ती यंत्रणा २८ ठिपक्यांच्या जागी हजारो चेहऱ्यांवरून शिकलेला एक चेहरा भरते. तो चेहरा सुंदर असतो, पण त्या दारात तो कधी उभा नव्हता.

वाद आता थोडा बाजूला सरकलाय. १९९७मध्ये पोलीस कॅप्टन विल फ्रिट्झ यांची हस्तलिखित टिपणं उघड झाली. त्यांत ऑस्वाल्डच्या तोंडचं, बिल शेलीबरोबर समोर बाहेर असल्याचं, एक त्रोटक वाक्य आहे. ते गोळीबाराआधीचं की नंतरचं, हे टिपणातून कळत नाही. आता शोध सुरू आहे तो त्याच पायऱ्यांच्या पश्चिम कोपऱ्यातल्या अंधारातल्या आकृतीचा. वीगमन आणि दुसरे वृत्तचित्रकार जिमी डार्नेल यांच्या चित्रफितींत ती हात छातीशी धरल्यासारखी दिसते, म्हणून तिला ‘प्रार्थना करणारा माणूस’ म्हणतात. कुणी तिला ऑस्वाल्ड म्हणतं, कुणी बाई. ही १६ मिमीची फिल्म, तिची एक फ्रेम जेमतेम १० बाय साडेसात मिमी. त्यात ती आकृती, तीही सावलीत. मूळ फिल्मवरून आजच्या दर्जाचा स्कॅन होत नाही तोवर तिला नाव देण्याची घाई कुणी करू नये.