पियानोवरून दिसलेली ऑडिशन

बॅलेच्या ऑडिशनला पियानो वाजवायचं काम आम्हा पियानिस्टांपैकी बरेच जण टाळतात. पैसे नेहमीच्या वर्गापेक्षा बरे मिळतात, पण समोरची खोली तासातासाला रिकामी होत जाते आणि आपण तिथेच बसून वाजवत राहायचं. मी हे काम घेते. लंडनमध्ये घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाला फार सोवळं पाळून चालत नाही.

मी मूळची गिरगावची. वडील नोकरी सांभाळून तबला वाजवायचे, नाट्यपदांच्या कार्यक्रमांना साथीला जायचे. पियानोच्या परीक्षा देत देत मी इथवर कशी पोचले ते पुन्हा कधीतरी. घरच्यांची समजूत अजून अशी की मी कुठल्याशा संगीत नाटकात पेटीवर बसते. ते अगदीच चूक नाही. बॅलेच्या चांगल्या शाळांत वर्गाला अजूनही पियानिस्ट लागतो. शिक्षिका हातापायांनी रचना दाखवते, आठ-आठ मात्रांत मोजते, 'अँड' म्हणते, आणि त्या 'अँड'वर पियानो सुरू व्हावा लागतो. काय वाजवायचं ते आपण ठरवायचं, प्रत्येक व्यायामाप्रमाणे. प्लिएला, म्हणजे गुडघे वाकवण्याला, संथ तीनचा ठेका, रॉन द जाँबला वॉल्ट्झ, फॉन्द्यूला टँगो, फ्रापेला पोल्का, ग्राँ बातमाँला मार्च. एकदा हात बसला की यात काय वाट्टेल ते लपवता येतं. वॉल्ट्झच्या नावाखाली मी जुन्या भावगीतांच्या चाली किती वाजवल्यात त्याला गणती नाही. आजवर कोणाला पत्ता लागलेला नाही.

आठवड्यातला बराचसा वेळ मी एका व्यावसायिक बॅले शाळेत असते. व्यावसायिक म्हणजे पोटापाण्यासाठी नाचणारी माणसं घडवणारी. मूल अकराव्या वर्षी येतं, बहुतेक वेळा वसतिगृहातच राहतं, गणित-इंग्रजीच्या जोडीला रोज बॅले करतं. सोळाव्या वर्षी पुन्हा चाळण लागते, त्यातून उरलेली मुलं वरच्या वर्गांत जातात आणि एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास बाहेर पडतात. काही शाळांत सरकारची संगीत-नृत्य योजना आहे, आईवडिलांच्या उत्पन्नाप्रमाणे फी ठरते. त्यामुळे सगळीच मुलं श्रीमंतांची असतात असं नाही. या शाळांमधलं सगळ्यात मोठं नाव रॉयल बॅले स्कूल. तिची धाकटी शाळा रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉजमध्ये, थोरली कॉव्हेंट गार्डनच्या फ्लोरल स्ट्रीटवर. तिथून समोरच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये जायला रस्त्यावरून एक पिळाचा पूल काढलाय, काचेचा. आमच्या शाळेला असा पूल नाही. आमची मुलं बसनं जातात.

२०१७ मध्ये मुंबईच्या अमिरुद्दीन शाहला रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला तेव्हा गिरगावातून मला फोन आला, "त्याला तूच शिकवणार ना?" तो मुंबईत येहुदा माओर यांच्याकडे शिकला होता आणि माझा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण त्या फोननंतर नातेवाइकांत माझ्या पेटीला थोडी किंमत आली.

तर ऑडिशन. जानेवारी उजाडला की शेवटच्या वर्षाच्या मुलांचे चेहरे बदलतात. करार ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात, म्हणून निवड जानेवारी ते एप्रिलमध्ये. शनिवार-रविवारी मुलं पहाटेची स्वस्त विमानं पकडून युरोपभर जातात आणि सोमवारी सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी बारपाशी, म्हणजे हात टेकायच्या आडव्या दांडीपाशी, उभी राहतात. जर्मनीवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण तिथे मध्यम आकाराच्या गावालाही सरकारी पैशावर चालणारं थिएटर असतं आणि त्यात बरेचदा स्वतःचा नृत्यसंच. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना तिथे कामाचा परवाना लागतो. ऑडिशनच्या अर्जात उंचीखाली राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो. तो भरताना मुलांचा हात किंचित थबकतो, मी पाहिलंय.

मी सांगतेय तो फेब्रुवारीतला एक रविवार. जर्मनीतल्या अशाच एका थिएटरचा दिग्दर्शक लंडनला आला होता. मुलींच्या दोन जागा, आणि बोलावलेल्या मुली शंभराच्या वर. भाड्यानं घेतलेला स्टुडिओ, त्यातला पियानो मधल्या सप्तकात बेसूर. मुलींचे गट पाडले होते. प्रत्येकीच्या छातीवर आणि पाठीवर सेफ्टी पिनांनी नंबर लावलेला.

मी पोचले तेव्हा आमच्या शाळेतली एक मुलगी जिन्यात बसून नवे पॉइंट शूज, बोटांच्या टोकावर नाचायचे, पायरीवर आपटत होती. आत कागद, कापड आणि खळीचे थर देऊन शूजचं टोक कडक केलेलं असतं. आपटल्याशिवाय ते स्टेजवर घोड्याच्या टापांसारखं वाजतं. टाचेजवळच्या रिबिनी मुली स्वतः शिवतात, टोकावरचं सॅटिन कापून टाकतात, घसरू नये म्हणून. हातानं बनवलेल्या शूजच्या तळव्यावर बनवणाऱ्या कारागिराची खूण असते आणि मुली त्या खुणेला चिकटून राहतात. आपला कारागीर निवृत्त झाला म्हणून रडलेल्या मुली मला माहीत आहेत. एक जोड पन्नास पौंडांच्या घरात, आणि या मोसमात तो आठवडाभरही पुरत नाही.

तिचा नंबर ४७ होता. आपण तिला तेच म्हणू. डाव्या पायाला ती जरा जास्तच टेप गुंडाळत होती. मला पाहून म्हणाली, "बरं झालं, आज तुम्ही आहात." मी म्हटलं, "नीट गरम हो." याच्यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही.

बारचा भाग पाऊण तासाचा. दिग्दर्शक बोलत नव्हता, हातात यादी घेऊन ओळींमधून फिरत होता. त्याची सहायक रचना देत होती. ती पूर्वी स्वतः नाचलेली असावी, तिचे ठेके स्वच्छ होते आणि मला काय हवं ते ती नजरेनंच सांगायची. ग्राँ बातमाँ संपलं, मुली घाम पुसत उभ्या राहिल्या आणि सहायकानं नंबर वाचायला सुरुवात केली. ज्यांचे नंबर वाचले त्यांनी थांबायचं. बाकीच्यांचे मनापासून आभार.

तिथे माझं एक काम असतं, जे कुठल्या परीक्षेत शिकवत नाहीत. मुली बाटल्या, टॉवेल, पिशव्या गोळा करून निघतात ती दोन-तीन मिनिटं फार शांत असतात, म्हणून पियानिस्टला सांगतात, काहीतरी वाजव. काय वाजवणार? आनंदी वाजवलं तर चेष्टा, रडकं वाजवलं तर त्याहून वाईट. मी भावगीत घेते, मध्यलयीत, डाव्या हातात फारसं काही नाही. आठ वर्षं रोज शिकलेली मुलगी पाऊण तासात, एकही उडी न मारता बाहेर जाते. तिच्या पायाची कमान, मान, खांदे, कंबर, मांडी खुब्यातून किती बाहेर वळते, एवढं बारपाशी दिसलेलं असतं आणि दिग्दर्शकाच्या दृष्टीनं ते पुरेसं असतं. मला ते अन्यायाचं वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. चौदा-पंधरा नाचणाऱ्यांचा संच असेल तर त्याला एका विशिष्ट आकाराचं माणूस हवं असतं, आणि ते त्याला खरंच पाऊण तासात कळतं. ज्या शाळेनं अकराव्या वर्षापासून फी घेतली तिनं मात्र हे त्या मुलीला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, या मतावर मी ठाम आहे.

४७ थांबली. मधल्या भागात आदाज, म्हणजे संथ रचना, झालं, पिरुएट, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, झाल्या. तिथे ती सुरेखच आहे. मग पॉइंट शूज घालून पेटी अलेग्रो, म्हणजे छोट्या जलद उड्या. पाच-पाच मुलींच्या रांगा. जतेंची रचना होती, एका पायावरून उडून दुसऱ्यावर उतरायचं, उजवा-डावा-उजवा-डावा.

आता हे बाहेरच्याला पटकन पटणार नाही, पण रोज ज्यांच्यासाठी वाजवतो त्यांचे पाय आपल्याला आवाजावरून ओळखू येतात. मी पियानोवर बसते तिथून अर्ध्या मुली दिसतही नाहीत. ऐकू मात्र सगळ्या येतात. चांगलं उतरणं म्हणजे आधी बोटं, मग चवडा, मग टाच, क्रमानं, आणि जवळजवळ निःशब्द. ४७चा उजवा पाय तसाच येत होता. डावा 'थप्' येत होता. सगळा तळवा एकदम, आणि समेच्या केसभर मागे. वजन डाव्यावर राहू नये म्हणून ती घाईनं उजवीकडे निसटत होती.

तुम्ही म्हणाल, मग लय जरा कमी करायची होती. लोकांना वाटतं संथ वाजवलं की सोपं होतं. छोट्या उड्यांत उलटं असतं. लय संथ झाली की हवेत जास्त वेळ काढावा लागतो, म्हणजे जास्त उंच उडायचं आणि जास्त जोरात उतरायचं. एका पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायावर येतो. आणि जलद करावं तर शेजारच्या चार मुली उघड्या पडतात, त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? मी होती ती लय ठेवली. तिच्यासाठी मला एवढंच करता आलं की प्रत्येक आठव्या मात्रेला डावा हात स्पष्ट ठेवला, म्हणजे सम चुकणार नाही.

शेवटी रेव्हराँस झालं, सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, मुली गेल्या. मी पियानोचं झाकण लावत होते तेव्हा दिग्दर्शक आला. भला माणूस होता, आधी त्यानं पियानोबद्दल माफी मागितली. मग यादीवर बोट ठेवून म्हणाला, "ही ४७. तुम्ही हिच्या शाळेत वाजवता ना? जिन्यात बोलताना पाहिलं तुम्हाला. तब्येतीनं धड आहे का?"

त्याचा प्रश्न गैर नव्हता. एवढ्याशा संचात एकीचा पाय गेला तर पूर्ण कार्यक्रम बदलावा लागतो. आणि मला माहीत होतं असंही नाही. मी ना डॉक्टर, ना फिजिओ. मला एक आवाज ऐकू आला होता. पण तो आवाज मी शब्दांत सांगितला असता तर तिचं नाव यादीतून गेलं असतं, आणि "छान आहे हो" म्हटलं असतं तर माझ्या शब्दावर एका गरीब थिएटरनं तिचा परवाना काढायला घेतला असता. वडिलांबरोबर कार्यक्रमांना जायचे तेव्हा पाहिलं होतं, मध्यंतरात कोणी येऊन गायकाबद्दल काही विचारलं तर ते तबल्याची वादी ओढत म्हणायचे, "मला ठेक्याचं विचारा." मी तेच केलं.

"तब्येतीचं तिला विचारा, ती खरं सांगेल," मी म्हटलं. "मला लयीचं विचारा. लय पक्की आहे."

त्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि आभार मानून गेला.

सोमवारी मी शाळेच्या फिजिओला गाठायचं ठरवलं होतं. पण माझ्याआधी ४७ स्वतःच तिच्याकडे गेली होती. एक्स-रेत काही नव्हतं. ताणानं पडलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली, दुसऱ्या मेटाटार्सलच्या, म्हणजे पावलातल्या लांब हाडाच्या, बुडाशी, पॉइंटवर नाचणाऱ्यांची ठरलेली जागा. फिजिओनं जेवणखाण, पाळी, झोप सगळं विचारलं. २०१४ मध्ये ऑलिम्पिक समितीनं कमी खाण्यानं खेळाडूंच्या हाडांवर, पाळीवर काय परिणाम होतो ते एका नावाखाली आणलं, तेव्हापासून आमच्या शाळेत हे प्रश्न न लाजता विचारतात. चांगलंच आहे. पण ऑडिशनच्या मोसमात विमानतळावरच्या केळ्यावर दिवस काढणाऱ्या मुलीला आहाराचा तक्ता देऊन काय होणार, हे कोणी बोलत नाही.

पायाला मोठा प्लॅस्टिकचा बूट चढला. दुखापत झालेल्या मुलांनी वर्गात बसून पाहायचं असा नियम आहे, म्हणून ती माझ्या पियानोशेजारी वही घेऊन बसायला लागली. थिएटरकडून तिला मेल आली होती. मार्चमध्ये आठवडाभर ये, आमच्या संचाबरोबर वर्ग कर, मग ठरवू. तिनं परत लिहिलं होतं की पायात चीर आहे, मार्चमध्ये जमणार नाही. एमआरआयची तारीखही दिली होती.

"त्यांनी तुम्हाला माझ्याबद्दल विचारलं ना?" एकदा फॉन्द्यू आणि फ्रापेच्या मधे तिनं हळूच विचारलं.

"विचारलं."

"काय सांगितलंत?"

"लय पक्की आहे."

ती वहीत तोंड घालून हसली. "पेटी अलेग्रोत मी मागे पडत होते."

"एकाच पायानं," मी म्हटलं.

तेवढ्यात शिक्षिकेनं 'अँड' म्हटलं आणि मला पोल्का धरावी लागली.

जर्मनीहून उत्तर आलं ते असं: एक जागा भरली आहे, दुसरी मेपर्यंत थांबवता येते का पाहतो, बूट निघाला की कळव. ४७नं मला ती मेल दाखवली, मग फोनवर मेमधल्या विमानांचे भाव काढले आणि म्हणाली, शनिवारपेक्षा मंगळवारचं तिकीट निम्म्यानं स्वस्त पडतंय.