मैदान सोडून मीटिंगला कशाला जाऊन बसता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. (हो, 'सांगतो'च. कोल्हापूरची आहे मी, आमच्याकडे बायका येतो-जातोच म्हणतात, कोचिंगच्या कोर्सला सगळे त्यावरून हसले होते, म्हणून पुढचं शाळेतल्या मराठीत लिहिते.)

प्रश्न नेहमीचाच. मॅडम, पोरींना चांगलं फुटबॉल शिकवत होता, ते सोडून मैदानाच्या कमिटीच्या मीटिंगांना कशाला जाऊन बसता? पालक विचारतात, जुन्या पोरी विचारतात, आमचा भाऊ तर सरळच विचारतो, खुर्ची पाहिजे होती काय गं तुला?

आधी खेळण्याचं थोडक्यात. घर पेठेतलं, त्यामुळं आपली टीम पाटाकडील का दिलबहार हे जन्माआधीच ठरलेलं, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरातले सगळे पुरुष गायब आणि आम्ही गच्चीवरून आरडाओरडा ऐकून गोल कुणी मारला ते ओळखायचं. भावाचे जुने बूट पुढं कापूस कोंबून घालायचे. मुलांच्या टीमच्या उरलेल्या जर्सी आम्हाला मिळायच्या, शॉर्टला दोन्ही बाजूंनी सेफ्टीपिना, आणि एकदा हेडरला उडी मारताना पिन उघडून कमरेत घुसली होती तरी मी मॅच पूर्ण खेळले होते, हे मी अजून सगळ्यांना सांगत असते. महाराष्ट्राकडून खेळले, इंडिया कॅम्पपर्यंत काही पोचले नाही, सव्विसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं. संपलं.

मग कोचिंग. आधी डी लायसन्स, नंतर सी, त्यापुढं बी, ए आणि प्रो अशी ती शिडी असते. आमच्याच जिल्ह्यातल्या, गडहिंग्लज तालुक्यातल्या अंजू तुरंबेकर ए लायसन्सपर्यंत पोचल्या, ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं ग्रासरूट्सचं, म्हणजे लहान पोरांपर्यंत खेळ पोचवायचं काम त्यांनी सांभाळलं. खेड्यातली पोरगी तिथपर्यंत जाते हे बघून आमच्यासारख्यांना फॉर्म भरायचा धीर आला, नाहीतर माझ्या बॅचला चोवीस जणांत बायका दोनच.

कोर्सला एक गोष्ट शिकवतात, फ्रीज. गेम चालू असताना कोच ओरडतो 'फ्रीज', सगळ्यांनी आहे तिथं थांबायचं, आणि मग चूक सांगायची नाही, विचारायचं. तू इथं का उभी आहेस? तुला काय दिसतंय? मला हे जमायचंच नाही. मी लगेच उत्तर देऊन मोकळी. इन्स्ट्रक्टर म्हणाले, मॅडम, तुम्ही अजून मिडफिल्डलाच खेळताय.

तर आता मूळ गोष्ट. माझ्याकडं तेरा वर्षांची एक पोरगी होती, लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेनं पुढं खेळणारी, पाय इतका गोड की बॉल तिला चिकटूनच असायचा. पण बॉल उजवीकडं गेला की हिनं आत यायला पाहिजे ना, ही येतच नव्हती. टचलाईनला कॉर्नरजवळ जाऊन थांबायची. मी फॉर्मेशन बदललं, तिच्या मागं दुसरी लेफ्ट बॅक टाकली, वहीत बाणांची चित्रं काढून दाखवली, दोन महिने हेच. शेवटी एक दिवस ओरडले फ्रीज, आणि त्या दिवशी कसं कोण जाणे, उत्तर न देता विचारलं, तू हितंच का थांबतीस?

"मॅडम, हितं सावली हाय."

कॉर्नरला चिंचेचं झाड होतं. एप्रिल महिना, दुपारचे साडेतीन. सगळ्या पोरी हसल्या, मीपण हसले, आणि घरी जाऊन भाकरी थापताना एकदम लक्षात आलं की दोन महिने मी चुकीच्या वहीत चित्रं काढत होते.

कारण आमची वेळ तीन ते साडेचार. पाच ते सात मुलांच्या टीम. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं हो, व्हिलन वगैरे कुणी नाही, 'पहिल्यापासून तसंच आहे' एवढंच. पण त्या वेळेला दुपारच्या शाळेच्या पोरी येऊच शकत नाहीत, नववीला क्लास लागला की आणखी चार गळतात, जूनमध्ये बावीस असायच्या त्या दिवाळीपर्यंत नऊ व्हायच्या, आणि लोक म्हणायचे पोरींना आवड नसते.

वेळ कोण ठरवतं? कमिटी. मीटिंग कधी? रात्री साडेआठला. गेले. अकरा पुरुष आणि मी. पहिल्याच दिवशी ठराव झाला की मॅडम आल्याच आहेत तर महिला दिनाचं तेवढं त्यांनी बघावं. बघितलं. पुढच्या मीटिंगला लाईट बिलाची फाईल मागितली, तर मुलांची प्रॅक्टिस सातला संपते आणि लाईट साडेसातपर्यंत चालू, कारण बंद करणारा चहाला गेलेला असतो. मग मैदानाचा नकाशा नेला, अर्ध्या मैदानात सात-सातचा गेम मस्त होतो, मधे प्लास्टिकचे कोन लावले की झालं, दोन्ही टीम एकाच वेळी खेळू शकतात. हे पटवायला मला चौदा महिने लागले! एवढ्या वेळात मी एक लायसन्स आणखी काढलं असतं.

मैदानाबाहेर मॅच कशी जाते हे तर सगळ्या देशानं बघितलंय. 2022 च्या जानेवारीत महिलांचा एशियन कप आपल्याच महाराष्ट्रात, नवी मुंबई, मुंबई, पुणे. इराणशी 0-0 झाली, आणि पुढच्या मॅचला उतरायला टीमच नाही, इतक्या जणींना कोविड, स्पर्धेतूनच बाहेर. आम्ही पंधरा जणी एका टीव्हीसमोर बसलो होतो, कुणी काही बोललंच नाही. नंतर 2025 च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच घरात 2-1 हरवून आपल्या पोरी एशियन कपला क्वालिफाय झाल्या, संगीता बासफोरचे दोन्ही गोल, तेव्हा मात्र शेजाऱ्यांनी दार वाजवलं.

नॉर्वेच्या लीसे क्लावेनेस स्वतः नॅशनल टीमकडून खेळलेल्या, 2022 मध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तुलना करत नाहीये बाबा, कुठं त्या आणि कुठं आमची लाईट बिलाची फाईल. पण खेळलेली बाई टेबलाशी बसली की तिला चिंचेचं झाड माहीत असतं, एवढंच मला म्हणायचंय.

तोटा आहे, खोटं कशाला बोलू. मी आता आधीसारखी कोच राहिले नाही. आठवड्यात दोनच दिवस मैदानावर असते, परवा एका नव्या पोरीचं नाव चुकले, तिनं तोंड पाडलं. आणि ती लेफ्ट विंगर? तिची शाळा दुपारची झाली तेव्हा आमची वेळ बदलली नव्हती. सुटली ती. बसस्टॉपला दिसते कधीकधी, हसते.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाच ते सात आम्हाला मिळतात. सध्या एकतीस पोरी आहेत. फक्त टॉयलेटची चावी वॉचमनकडं असते आणि तो पाचला घरी जातो. उद्या मीटिंग आहे, अजेंड्यावर चौथा विषय चावीचा. तिसरा स्पर्धेच्या ढालीचा आहे, त्यावर हे लोक दहा वाजवतात, म्हणून डबा घेऊनच चाललेय.