स्विच आणि रेकॉर्डर एकाच पेटीत: आमची वाटचाल

आमच्या मालाचं बिलावरचं नाव लांबलचक आहे, पण निफाड-पिंपळगावकडचे ग्राहक त्याला सरळ ‘पेटी’ म्हणतात. आता गाळ्यात आम्हीही पेटीच म्हणतो. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एकाच वायरीतून वीज आणि नेटवर्क देणारा पीओई स्विच आणि त्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा सर्व्हर, अशी दोन्ही यंत्रं एका पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसवलेली असतात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात आम्ही सहा जण ती बनवतो. ती का बनवावी लागली, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात २००९ची. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही इलेक्ट्रॉनिक्सचे डिप्लोमावाले. सिडकोत घराच्या खालच्या खोलीत आम्ही कॅमेरे बसवून देण्याचं काम सुरू केलं. तेव्हा अ‍ॅनालॉग कॅमेरे, कोअ‍ॅक्सियल केबल आणि चित्रण साठवणारा डीव्हीआर असा सरळ मामला होता. प्रत्येक कॅमेऱ्याची केबल थेट डीव्हीआरमध्ये यायची आणि बिघाड शोधायला फार डोकं लागायचं नाही. २०१३च्या सुमारास आयपी कॅमेरे, म्हणजे संगणकासारखे नेटवर्कवर चालणारे कॅमेरे, आमच्या ग्राहकांच्या आवाक्यात आले. चित्र कितीतरी स्पष्ट झालं, पण कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या मधोमध नेटवर्क स्विच नावाचं तिसरं यंत्र येऊन बसलं, आणि त्याची जबाबदारी कोणाची हे कुणी ठरवलंच नाही.

फेब्रुवारी २०१४. द्राक्षांचा सीझन भरात होता. निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये आम्ही बारा कॅमेरे लावले होते. एका रात्री तिथून जनरेटरच्या बॅटऱ्या आणि तांब्याच्या केबलचं अख्खं बंडल गेलं. सकाळी मालकांचा फोन आला, तसा मी तडक पोहोचलो. रेकॉर्डर उघडून पाहतो तर सव्वा एक ते पावणेतीन या वेळेत बाराही चौकटी काळ्या. त्या वेळात लाईट गेली होती. रेकॉर्डर ऑफिसात यूपीएसवर होता, तो रात्रभर व्यवस्थित चालू राहिला. स्विच मात्र ग्रेडिंग हॉलच्या भिंतीवर साध्या प्लगला जोडलेला. तो बंद पडला, आणि कॅमेऱ्यांची वीज त्यातूनच जात असल्यामुळे सगळे कॅमेरेही बंद पडले.

स्विच ऑफिसच्या संगणकाचं काम बघणाऱ्याने दिला होता. प्लग वायरमनने काढला होता. रेकॉर्डर आमचा होता. तिघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. मालक शांतपणे एवढंच म्हणाले, “भाऊ, बारा कॅमेरे लावलेत तुम्ही. मला एक चेहरा दाखवा.”

परत येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. ओझरच्या पुढे आल्यावर मावसभाऊ म्हणाला, “स्विच आपल्याच डब्यात घातला तर?”

पहिली पेटी तयार व्हायला सव्वा वर्ष लागलं. दिवसा बसवणीची कामं आणि रात्री हे. एक छोटा मदरबोर्ड, सोळा पोर्टचा पीओई स्विच बोर्ड, दोन हार्ड डिस्क आणि एक पॉवर सप्लाय. कॅबिनेट आमच्याच गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्या काकांनी सीआरसी पत्र्यातून वाकवून, पावडर कोटिंग करून दिलं. वर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी जुळावेत म्हणून असलेलं ऑनव्हिफ हे समाईक मानक बहुतेक कॅमेरे पाळतात. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी ते २००८ साली सुरू केलं, म्हणून आमच्यासारख्या छोट्या माणसाला कोणत्याही एका कंपनीच्या कॅमेऱ्याला बांधून घ्यावं लागलं नाही. कॅमेरा पोर्टला लावला की पेटी त्याला आयपी पत्ता देते, ओळखते आणि रेकॉर्डिंग सुरू करते. एका यूपीएसवर सगळं चालतं, आणि बिघडलं तर फोन एकाच माणसाला जातो.

२०१५च्या जुलैत सिंहस्थ सुरू झाला. पोलिसांच्या मोठ्या कामाशी आमचा संबंध नव्हता, पण पंचवटीतल्या लॉजवाल्यांना आणि धर्मशाळांना कॅमेरे हवे होते. पहिल्या तीन पेट्या तिथे गेल्या. त्या गर्दीत सामान खांद्यावर घेऊन गोदाघाटाकडून आत शिरलो होतो, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

पहिली मोठी अडचण एका कारखान्यात आली, सिन्नर रस्त्याला. दिवसभर सोळाही कॅमेरे उत्तम चालायचे. संध्याकाळी सातच्या सुमारास चार कॅमेरे बंद पडायचे आणि सकाळी आपोआप सुरू व्हायचे. आम्ही आधी सॉफ्टवेअर तपासलं, मग कॅमेरे बदलले. शेवटी मावसभाऊ वॉटमीटर लावून दुपारी चारपासून पेटीसमोर बसून राहिला. अंधार पडला तसा आकडा चढायला लागला. अंधारात बघण्यासाठी कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात. दिवसा ५ वॉट घेणारा तोच कॅमेरा रात्री ९ वॉट घेत होता. दिवसा सोळा कॅमेऱ्यांचे ८० वॉट, रात्री १४४. आमच्या सप्लायचं पीओई बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टांना मिळून देता येणारी वीज, होतं १२०. बजेट ओलांडलं की स्विच शेवटचे पोर्ट तोडायचा. म्हणजे नेमकी चोरीची वेळ आली की कॅमेरे झोपायचे. त्या रात्री मला निफाडचं पॅकहाऊस आठवलं आणि पोटात गोळा आला.

पीओईच्या ८०२.३एएफ या मानकात स्विचने प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट द्यायचे असतात. लांब वायरीतली घट धरून कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॉटची हमी असते. सोळा पोर्टांचा पूर्ण हिशोब २४६ वॉट होतो. बाजारातले बरेच स्विच सोळा पोर्ट दाखवतात आणि सप्लाय त्याच्या निम्म्याचा देतात, आम्हीही नकळत तेच केलं होतं. तेव्हापासून आमच्या सोळा पोर्टच्या पेटीत पूर्ण क्षमतेचा सप्लाय असतो आणि बजेट कायम रात्रीच्या आकड्यावरून काढतो. शिवाय कोणते कॅमेरे शेवटपर्यंत जिवंत राहिले पाहिजेत, हे ग्राहकाला विचारून पोर्टचा क्रम लावतो. गेट आणि तिजोरी आधी, पार्किंग नंतर.

याच लक्षणाचं दुसरं कारणही असतं, आणि ते पेटीबाहेर असतं. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत अ‍ॅल्युमिनियम. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास जातो. ऐंशी-नव्वद मीटरवरचा कॅमेरा दिवसा चालतो आणि इन्फ्रारेड लागले की व्होल्टेज पडून रीस्टार्ट होत राहतो. केबलचं खोकं उचललं की हलकं लागतं, तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते. ग्राहकाने आधीच टाकून घेतलेली अशी केबल असेल तर आम्ही ते काम घेत नाही. यात आमची बरीच कामं गेली, जाऊ दे.

मग २०१७चा उन्हाळा. पहिल्या आवृत्तीत पॉवर सप्लाय बरोबर डिस्कच्या खाली होता. जागा वाचते म्हणून तसा बसवलेला. एप्रिल-मेमध्ये नाशकातही पारा चाळिशीला टेकतो, आणि पेटी बहुतेक ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये पोटमाळ्यावर ठेवतात. दोन महिन्यांत पाच डिस्क गेल्या. एका ठिकाणी डिस्कचं तापमान ६२ अंश दाखवत होतं. पाचही आम्ही स्वखर्चाने बदलून दिल्या. ते वर्ष नफ्याचं नव्हतं. काकांनी मग कॅबिनेटचे दोन कप्पे केले, मध्ये पत्र्याचा पडदा. वीज एका बाजूला, डिस्क दुसऱ्या बाजूला, दोघांची हवा वेगळी. पंख्यापुढे काढून धुता येईल अशी जाळी. चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेल्या सर्व्हेलन्स डिस्क आता सक्तीच्या आहेत. साधी डेस्कटॉपची डिस्क स्वस्त पडते, पण ती दिवसरात्र असल्या लिखाणासाठी बनवलेली नसते.

डिस्कवरून आठवलं. “महिन्याचं रेकॉर्डिंग द्या” असं प्रत्येक जण म्हणतो. सेकंदाला ४ मेगाबिट घेणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो. सोळा कॅमेऱ्यांचे होतात ६९० जीबी, महिन्याचे २० टीबीच्या वर. एका ४ टीबी डिस्कवर हे सहा दिवसही पुरत नाही. कोटेशनमध्ये आम्ही हा हिशोब छापतो आणि ग्राहकासमोर बसून समजावतो. कोणत्या कॅमेऱ्याला किती बारकावे लागतात ते ठरवून, चित्रण कमी जागेत दाबून बसवणारी एच.२६५ पद्धत वापरून आणि हालचाल झाली तरच जास्त दर्जाने नोंद करून तो आकडा खाली येतो. पण तीस दिवस लिहून सहा दिवस देणं आम्हाला जमणार नाही.

वीज कोसळण्याचा त्रास दिंडोरी बाजूला जास्त झाला. वळवाच्या पावसात लांबच्या शेडवरचा कॅमेरा तडाखा खातो आणि तो तांब्याच्या वायरीतून थेट पेटीत येतो. स्विच वेगळा असता तर फक्त स्विच गेला असता, इथे मदरबोर्डही जाऊ शकतो. ही आमच्या रचनेतली खरी कमजोरी आहे. त्यामुळे स्विच आणि सर्व्हर यांच्यात आता विद्युत अलगीकरण असतं, बाहेरच्या प्रत्येक कॅमेऱ्याला विजेचा अचानक आलेला तडाखा अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावतो आणि अर्थिंग मोजल्याशिवाय पेटी सुरू करत नाही. दोन इमारतींमध्ये तांबं टाकतच नाही, फायबर टाकतो. तसंही तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे.

एकत्र पेटीचे फायदे मात्र आम्हालाही हळूहळू कळत गेले. कॅमेरा अडकला की पेटी ते ओळखते, त्या पोर्टची वीज दहा सेकंद तोडते आणि परत देते. त्र्यंबकेश्वरच्या एका ग्राहकाकडे खांबावरच्या कॅमेऱ्यासाठी दर पावसाळ्यात शिडी घेऊन जावं लागायचं, ते थांबलं. दुसरं म्हणजे कॅमेऱ्यांचं नेटवर्क पेटीच्या आतच राहतं. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कंपनीतून आलेला मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन इंटरनेटवर हल्ले केले, ती बातमी वाचून आम्ही हादरलो होतो. आमच्या कॅमेऱ्यांना बाहेर जाण्याची वाटच नसते. आणि पेटीचा पासवर्ड बदलल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू होत नाही.

घड्याळाचं महत्त्व आम्हाला पोलीस चौकशीच्या वेळी कळलं. एका प्रकरणात दोन कॅमेऱ्यांच्या वेळेत सात मिनिटांचा फरक निघाला, आणि माणूस दुसऱ्या दारातून आधी बाहेर पडून मग पहिल्या दारातून आत येताना दिसत होता. आता पेटी सगळ्या कॅमेऱ्यांना एकच वेळ पुरवते, इंटरनेट नसलं तरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं, त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळण्याचा तिचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहावं लागतं. फुटेज पेनड्राइव्हवर काढलं की पेटी ते मूल्य काढून सोबतच्या फाईलमध्ये लिहून देते. ही सोय अगदी छोटी आहे, पण सराफ बाजारातल्या एका ग्राहकांनी त्यासाठी मुद्दाम फोन करून आभार मानले.

लोक विचारतात, एकच पेटी गेली तर सगळंच गेलं ना? प्रश्न रास्त आहे. गेटसारख्या महत्त्वाच्या कॅमेऱ्यांत आम्ही मेमरी कार्ड टाकतो, पेटी बंद असेल तेव्हा चित्रण तिथे जमा होतं. डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घातल्या की जुनं रेकॉर्डिंग जसंच्या तसं उघडतं. गाळ्यात दोन पेट्या कायम तयार असतात. नाशिक, सिन्नर, दिंडोरी, निफाड एवढ्या भागात त्याच दिवशी पोहोचतो, आणि म्हणूनच त्यापलीकडे आम्ही अजून विकत नाही. बत्तीसपेक्षा जास्त कॅमेरे असतील तर पेटी घेऊच नका, वेगळे स्विच आणि वेगळा सर्व्हर घ्या, असं आम्ही स्वतः सांगतो.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये चार महिने काम नव्हतं. काकांनी तेव्हा पत्र्याचे पैसे मागितले नाहीत. पोरांचे पगार अर्धे का होईना, दर महिन्याला झाले. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सुरक्षा चाचणीचे नियम लागू झाले, त्यामुळे काही जुनी मॉडेलं बंद करून नव्या कॅमेऱ्यांशी पेटी पुन्हा जुळवून घ्यावी लागली. त्यात पाच-सहा महिने गेले.

सध्या २०२७च्या सिंहस्थासाठी पंचवटीतून विचारणा सुरू झाली आहे. २०१५च्या तीन पेट्यांपैकी एक तिथे अजून चालू आहे, दोन वेळा डिस्क बदलून. नव्या आवृत्तीचा सप्लाय पेटी न उघडता बाहेरून ओढून बदलता येईल असं काकांनी आता कॅबिनेट केलंय. पहिले दोन नमुने गाळ्याच्या पत्र्याखाली, सोळाही पोर्टांवर रात्रीचा भार देऊन, गेले एकोणीस दिवस चालू आहेत. चाळीस दिवस झाले की त्यातला एक निफाडच्या त्याच पॅकहाऊसला जाणार आहे. मालकांनी द्राक्ष सीझनच्या आधी बसवून द्या म्हणून सांगितलंय.