दीड अंशाचा फरक: पारसिकच्या डोंगरावरची एक सकाळ

रविवारी सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून बेलापूरला उतरलो, तेव्हा माझ्याजवळ हातात मावणारा एक रिसीव्हर, होकायंत्र, नवी मुंबईचा छापील नकाशा आणि पीव्हीसी पाइपवर पोलादी मोजपट्टीचे तुकडे बसवून घरीच केलेला यागी अँटेना, म्हणजे एका दिशेचा संदेश जास्त जोरात पकडणारा अँटेना, होता. आम्हा हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या ‘फॉक्स हंट’ या खेळात एक जण छोटा ट्रान्समीटर लपवतो आणि इतरांनी केवळ संदेशाच्या दिशेवरून तो शोधायचा असतो. या खेपेस मी पारसिकच्या डोंगरावर आणि नौपाड्यातले आमचे सर वाशीच्या मिनी सीशोरवर, अशी विभागणी होती.

डोंगराच्या माथ्यावरून खाडी, नेरूळ-सीवूड्सच्या इमारती आणि त्यांच्यापलीकडचे धुरकट आभाळ एका नजरेत येते. हेडफोन लावून मी अँटेना सावकाश फिरवू लागलो. आवाज सर्वांत मोठा कुठे येतो हे कानाला नीट ठरवता येत नाही. तो कुठे बुडतो हे मात्र नेमके कळते. म्हणून अँटेनाची पाठ आवाजाकडे करून मी त्या बुडण्याचीच वाट पाहत होतो. युद्धकाळातल्या दिशाशोधक केंद्रांतही वेटोळ्याच्या अँटेनावर हेच तत्त्व वापरले जाई, आणि ज्या केंद्रांविषयी मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचतो आहे, त्यांची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हन्स्टन्टन नावाचे गाव आहे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा रसेल क्लार्क हे वकील आणि बेन्टन हिपस्ली हे जमीनदार, दोघेही हौशी रेडिओवाले, आपल्या यंत्रांवर जर्मन नौदलाचे संदेश ऐकू येतात हे सांगायला नौदल खात्याकडे गेले आणि थोड्याच दिवसांत हन्स्टन्टनच्या किनारारक्षक ठाण्यावर त्यांनी गुप्त श्रवणकेंद्र उभारले. तिथे टिपलेले संदेश लंडनला नौदलाच्या ‘खोली क्रमांक ४०’ या संकेतभेद विभागात उलगडण्यासाठी जात. नौदलाला ही वाट दाखवणारे दोघे आमच्यासारखे छंदिष्ट होते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

संदेश उलगडला नाही तरी त्याची दिशा बोलते. मार्कोनी कंपनीचे अभियंते हेन्री राउंड यांच्या देखरेखीखालच्या किनारी केंद्रांना मे १९१६ च्या अखेरीस विल्हेल्म्सहाफेनच्या बंदरातील एका जर्मन जहाजाच्या संदेशाची दिशा सुमारे दीड अंशाने सरकलेली आढळली. जहाजे बंदराबाहेर सरकत असल्याची ती खूण होती. ३० मे रोजी रात्री ब्रिटिश आरमार निघाले आणि दुसऱ्या दिवशी जटलंडची लढाई झाली. माझ्या होकायंत्रावर दीड अंश म्हणजे काट्याच्या जाडीइतका फरक आहे. तो टिपणाऱ्यांच्या एकाग्रतेची कल्पना हातात होकायंत्र घेतल्याशिवाय येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे जाळे फार पसरले. ब्रिटनमधल्या हौशी लोकांचे ट्रान्समीटर १९३९ मध्ये सरकारजमा झाले, पण त्यांच्यातल्याच सुमारे दीड हजार जणांनी घरी बसून जर्मन हेरखात्याचे मोर्स संदेश टिपले आणि कागद बार्नेटच्या ‘पोस्ट बॉक्स २५’ वर धाडले. आपण काय लिहून घेतो आहोत हे त्यांना कळत नसे, तरी पलीकडच्या ऑपरेटरला ते त्याच्या हाताच्या लकबीवरून ओळखत. आपल्या समुद्राशीही या कामाचे नाते आहे. सिंगापूरहून कोलंबोला आलेले ब्रिटिश नौदलाचे श्रवण व संकेतभेद केंद्र एप्रिल १९४२ च्या जपानी हवाई हल्ल्यानंतर मोम्बासाजवळच्या किलिंदिनीला हलवले गेले आणि तिथे ते अलिदिना विश्राम या कच्छी व्यापाऱ्याच्या नावाच्या शाळेत बसले. या माणसांनी गुप्ततेची शपथ पाळली. ब्रिटनच्या संकेतभेदाचे मुख्य केंद्र असलेल्या ब्लेचली पार्कचे काम १९७४ मध्ये जगापुढे येईपर्यंत कित्येक जण घरच्यांनाही काही न सांगता वारले. त्यांच्याविषयी इतके कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते.

माझा पहिला कोन चुकला होता. आवाज एका उंच इमारतीवरून परतून येत होता, हे चार पावले बाजूला सरकल्यावर लक्षात आले. नव्याने मोजल्यावर दोनशे ऐंशी अंश आले. तेवढ्यात सरांचा फोन आला.

“माझ्याकडे एकशे अठ्ठावन्न येतंय. तुझं काय?”

“दोनशे ऐंशी, सर.”

“मग मांड नकाशावर. घाई करू नकोस, पेन्सिलीला टोक कर आधी.”

दोन्ही रेघा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याजवळ मिळाल्या. माझ्या जागेपासून ते अंतर तीन किलोमीटरच्या आसपास होते, म्हणजे एका अंशाची चूक सुमारे पन्नास मीटरची. पाऊण तासाने आम्ही दोघे तळ्याकाठच्या एका बाकाखाली वाकलो, तेव्हा डब्यातला ट्रान्समीटर अजून टिकटिकत होता. सरांनी तो बंद करण्याआधी घड्याळ पाहिले आणि वहीत वेळ लिहिली.