मुहर्रकच्या वाड्यातला शेख

बहरीनला पाहुणे आले की मी त्यांना मॉलच्या आधी मुहर्रक या जुन्या शहरात नेते, बहरीनचे एकेकाळचे राज्यकर्ते शेख ईसा बिन अली यांचा वाडा दाखवायला. प्रवाळी दगडाच्या जाड भिंती, आत चौक, आणि वर बादगीर. हा चारी बाजूंनी उघडा मनोरा उंचावरचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडतो. ऐन उकाड्यात त्याच्याखाली उभं राहिलं की जिवाला बरं वाटतं.

1869 मध्ये वडील लढाईत मारले गेले आणि इंग्रजांनी विशीतल्या ईसांना गादीवर बसवलं. 1880 आणि 1892 च्या करारांनी त्यांचे हात बांधले: इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत, जमीन द्यायची नाही. आपल्या संस्थानिकांसारखीच गत. इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसणारा इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, हिंदुस्थान सरकारच्या हाताखालचा, आणि बाजारात चलन रुपयाचं.

मला सर्वांत बोचतो तो 1904-05 चा प्रसंग. शेखच्या पुतण्याच्या माणसांनी आताच्या राजधानीत, मनामात, परदेशी लोकांवर हात टाकला. रेसिडेंट पर्सी कॉक्स युद्धनौका घेऊन आला आणि पुतण्याची रवानगी थेट मुंबईला झाली. स्वतःच्या घरातल्या माणसाचा निवाडाही शेखच्या हाती उरला नव्हता. इथले मोती ज्या मुंबईच्या बाजारात विकायला जात, तीच त्याच्या हद्दपारीची जागा ठरली.

तरी ईसांना नुसते बिचारे म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या राज्यात बहारना, म्हणजे इथल्या मूळच्या शिया अरब, शेतकऱ्यांवर जाचक कर होते, वेठबिगार होती. दाद मागायला ही माणसं इंग्रज एजंटाकडेच जात. मे 1923 मध्ये मनामात दंगल झाली आणि तिचं निमित्त साधून इंग्रजांनी कारभार ईसांच्या मुलाकडे, हमद यांच्याकडे सोपवला. पुढे करांत सुधारणा झाल्या, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या कर्जाला नियम आले. त्या माणसांना दिलासा मिळाला हे खरंच, पण राज्य कुणी चालवायचं हे रयतेलाही कुणी विचारलं नाही, आणि हेच मला खटकतं.

ईसांनी ही पदच्युती मनापासून कधीच मान्य केली नाही. नावाला शेख तेच राहिले. जून 1932 मध्ये जबल दुखान या टेकडीजवळ तेल लागलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ईसा वारले. तोवर हमद यांच्या दरबारात चार्ल्स बेलग्रेव्ह हा इंग्रज सल्लागार चांगलाच स्थिरावला होता, आणि तो 1957 पर्यंत हलला नाही.