तीन मिनिटं

हिशेबाच्या पानावर त्या दिवसापुढे 'हमी लागू नाही' असं उमटलं, त्याला आता दोन आठवडे झाले. दुसऱ्या पाळीत मी २३० ऐवजी २२७ मिनिटं लॉगिन होतो. कारण एवढंच.

डिलिव्हरी ॲपचा फुलटाइम रायडर म्हणजे रोजचा ठरलेला पगार, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. दिवसभराच्या ऑर्डरींची कमाई हमीच्या रकमेपेक्षा कमी पडली, तर तेवढा फरक भरून मिळतो. कमाई जास्त झाली तर हमीचा प्रश्नच येत नाही. म्हणजे ती कामी येते मंदीच्या दिवशी, आणि अट मोडल्याचा फटकाही नेमका त्याच दिवशी बसतो. आमच्याकडे अटी तीन: प्रत्येक पाळीत २४० पैकी २३० मिनिटं लॉगिन हवं, लॉगिन आपल्या झोनमध्येच, म्हणजे नेमून दिलेल्या भागातच हवं, आणि दिवसात एकच ऑर्डर नाकारता येते.

पाळी तुटक. अकरा ते तीन, मग सात ते अकरा. मधले चार तास माझे म्हणायचे, पण त्यातच भाड्याच्या स्कूटरची बॅटरी बदलायची, फोन चार्ज करायचा, जेवायचं आणि सावली शोधून पाठ टेकायची.

त्या दिवशी २:५६ ला ऑर्डर आली. औषधं, झोनच्या बऱ्याच बाहेर. दिवसाचा एक नकार शिल्लक होता. तरी घेतली. दुकानात बिल व्हायला १४ मिनिटं गेली, आणि पिशवी दारात दिली तेव्हा ३:५० झाले होते. तीननंतरची ही ५० मिनिटं लॉगिनमध्ये धरलीच जात नाहीत, कारण पाळी तीनला संपते. त्या ऑर्डरचे पैसे मिळाले, वेळ मिळाला नाही.

परतताना बॅटरी ९ टक्क्यांवर. जवळच्या स्वॅप स्टेशनपर्यंत, म्हणजे रिकामी बॅटरी देऊन भरलेली घ्यायच्या जागेपर्यंत, शेवटचा रस्ता स्कूटर ढकलत गेलो. तिथे भरलेली बॅटरी एकही नव्हती, पुढे सातजण उभे. माझा नंबर लागला ६:४८ ला. झोनची हद्द ओलांडून लॉगिन केलं ते ७:१३ ला. संध्याकाळी चार तासांत पाचच ऑर्डरी आल्या. दिवसाची कमाई हमीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास राहिली.

मी प्रत्येक ऑर्डरचे स्क्रीनशॉट ठेवतो, वेळ दिसेल असे. २४० अधिक ५० अधिक २२७, एकूण ५१७ मिनिटं. दोन्ही पाळ्यांची अट मिळून ४६०. हे सगळं तक्रारीला जोडलं. चॅटवर तयार उत्तर आलं, दुसऱ्यांदाही तेच. मग टीएलकडे, म्हणजे आमच्या टीम लीडरकडे गेलो. पोरगा चांगला आहे, त्यानं स्क्रीनशॉट एकेक करून पाहिले. म्हणाला, "दादा, मला दिसतंय सगळं. पण मिनिटं वाढवायचा पर्यायच माझ्याकडे नाही." त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्यांनी ही मोजणी बसवली, त्यांना पाळी संपताना रायडर रस्त्यात असतो हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. तीनच्या चार मिनिटं आधी झोनबाहेरची ऑर्डर त्यांचीच यंत्रणा देते.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्यांना किमान मोबदला आहे, आणि तो ठरवताना ऑर्डरची वाट बघण्यात जाणारा वेळही जमेस धरला आहे. माझी मागणी त्याहून लहान आहे. ऑर्डर घेतल्यापासून ती पोहोचेपर्यंतचा वेळ तरी लॉगिन धरा, घड्याळात काहीही वाजलेले असोत.

आमच्यातला एक जुना रायडर रोज पावणेतीनला जिथे ऑर्डर पडतच नाही अशा कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. मी त्याला कामचुकार समजायचो, एकदा तोंडावर बोललोही होतो. परवा त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्यानं काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

ती ऑर्डर नाकारली असती तर तीनलाच नेहमीच्या ठिकाणी बॅटरी बदलून झाली असती आणि हमी शाबूत राहिली असती. हे मला पटतं, आणि तरीही औषधं नाकारायला हवी होती असं म्हणवत नाही. दहा मिनिटांची सूट असते, म्हणून आता मी २:५२ ला लॉगआउट करतो. फोन खिशात ठेवतो आणि तीनपर्यंत दोनतीनदा बाहेर काढून बघतो.